चांगली दिली ना?

फॉर्मवरचा सातवा की आठवा प्रश्न होता. आधी एखादं ऑपरेशन झालंय का? काउंटरवरच्या मुलीनं पेन थांबवून आईकडे पाहिलं आणि आईनं अगदी सहज, ताटात आणखी भात नको म्हणावं तसं, "नाही" म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "आई, तुझी किडनी काढलीय ना. डावी. २०११ मध्ये." तिचा हात आपोआप पदराखाली डाव्या कुशीवर गेला. तिथले बारीक व्रण बोटांना सापडले असावेत, कारण ती जरा थबकली. "काढली? कशाला?" "काढली म्हणजे तू दिलीस. मामाला." ती माझ्याकडे बघत राहिली. आपण एवढं काही केलं, याचं आश्चर्य वाटलं असेल असं मला वाटलं, पण तसं काहीच चेहऱ्यावर नव्हतं. उलट कपाळावर काळजीची आठी आली आणि खालच्या आवाजात, काउंटरवरच्या मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, "चांगली दिली ना?"

"हो," मी म्हटलं. "चांगलीच दिली."

त्याला आता वर्ष उलटून गेलं, तरी ते "हो" माझ्या घशातून पुरतं खाली उतरलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही नाशिकच्या एका स्कॅन सेंटरमध्ये सकाळी सातपासून बसलो होतो. आईच्या मेंदूचा पेट स्कॅन करायचा होता. पोटात रात्रीपासून काही नाही, बोट टोचून साखर बघून झाली होती, १०४ आली. हातात इंट्राकॅथ लावून ठेवली होती. आणि औषध अजून रस्त्यात होतं. मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याच्या घाटात अडकली होती. टेक्निशियन मुलगा दर दहा मिनिटांनी ड्रायव्हरला फोन लावत होता आणि कागदावर काहीतरी आकडेमोड करत होता. मी विचारलं तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. हे औषध म्हणजे साखरच, फक्त तिला फ्लोरिन-१८ चा अणू चिकटवलेला. तो अणू स्वतःहून विझत असतो. दर ११० मिनिटांनी निम्मा. म्हणजे प्रवासात तीन तास चाळीस मिनिटं गेली तर चौथाच भाग हाती लागायचा. उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या लांब गावी पाठवायच्या तर एकीसाठी चार भरायच्या, तसं हे. घाटात एखादा ट्रक बंद पडला की इथे बसलेल्या पाच पेशंटांपैकी शेवटच्याला उद्या या म्हणावं लागतं. आईचा नंबर तिसरा होता. मी कधी नाही ते कसारा घाटासाठी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

नंतर वाचनात आलं की हे घड्याळाशी धावणं त्या औषधाच्या जन्मापासूनचं आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत ही साखर तयार केली आणि विमानानं फिलाडेल्फियाला नेली. तिथे अबास अलावी या डॉक्टरांनी ती दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचली. जिवंत माणसाचा मेंदू साखर कुठे आणि किती खातो, हे बाहेरून पाहण्याची ती सुरुवात. आपल्याकडे हे यंत्र आलं २००२ मध्ये, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था १९६३ पासून तिथे आहे. परळ म्हटलं की आमच्या घरात टाटा हॉस्पिटलच्या रांगाच आठवायच्या. त्याच आवारात हे काम इतकी वर्षं चाललंय, हे आम्हाला गरज पडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

औषध आलं. शिशाच्या जाड डबीतून, टंगस्टनचं कवच चढवलेली सिरिंज बाहेर निघाली, आईच्या हातात रिकामी झाली, आणि आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं. दिवा मंद, पडदा ओढलेला, एक खाट, पांघरूण. टेक्निशियननं सांगितलं, "आजी, आता अर्धा-पाऊण तास नुसतं पडून राहायचं. बोलायचं नाही, काही वाचायचं नाही, मोबाइल नाही." मला म्हणाला, "त्या एकट्या घाबरतील तर तुम्ही दारापाशी बसा, पण लांब. आणि त्यांना बोलू देऊ नका." कारण साधं आहे. माणूस त्या वेळात जे करेल, मेंदूचा तो भाग जास्त साखर खाणार. बोलला तर बोलण्याचा, बघत बसला तर बघण्याचा. फोटोत मग भलतंच उजळून दिसतं. म्हणून मेंदूला अगदी निवांत ठेवायचं. आई दोनदा उठून बसली. दोनदा मी ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहून ओठ हलवले. आवाज नव्हता, पण मला कळलं. चांगली दिली ना, हेच. मी पुन्हा मान हलवली. त्यानंतर ती शांत पडून राहिली आणि मला त्या अंधारात १२ वर्षांपूर्वीची एक वेगळी खोली आठवत राहिली.

२०११. मुंबई. मामाचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. तो ४६ चा, आई ५४ ची. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, आणि मग आईच्या दोन्ही किडन्या किती काम करतात ते पाहण्यासाठी डीटीपीए स्कॅन लिहून दिला. "न्यूक्लिअर मेडिसिन" ही पाटी आणि खाली पिवळ्यावर तीन पाकळ्यांचं ते चिन्ह पाहून आई दारातच थांबली. "अणुबाँबमधलं टोचणार का?" तिथल्या टेक्निशियन बाई मोठ्या गोड होत्या. त्यांनी आईला बसवून घेतलं आणि विचारलं, "काकू, तुमच्याकडे गाई होत्या का?" होत्या. आईचं माहेर निफाडकडचं, गोठा भरलेला. "मग आमच्याकडेही एक गाय आहे," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी आम्ही तिची धार काढतो."

ती गाय म्हणजे शिशाच्या भांड्यात बसवलेला किरणोत्सारी मोलिब्डेनम धातूचा एक छोटा स्तंभ. हे मोलिब्डेनम हळूहळू मोडतं, ६६ तासांत निम्मं होतं, आणि मोडताना टेक्निशियम देतं. वरून मिठाचं पाणी सोडलं की टेक्निशियम तेवढं धुऊन खाली येतं, मोलिब्डेनम जागेवरच राहतं. एकदा धार काढली की दिवसभरात पुन्हा साठतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पान्हा. असं आठवडाभर, मग गाय आटते आणि नवी येते. जगभरच्या प्रयोगशाळांत या भांड्याला गायच म्हणतात. हे टेक्निशियम माणसानं घडवलेलं पहिलं मूलद्रव्य. १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोला एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते एका मोलिब्डेनमच्या पत्र्यात सापडलं. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे अणूंचे कण वेगानं फिरवणाऱ्या यंत्रात, वापरून झालेला तो पत्रा अर्नेस्ट लॉरेन्स यांनी टपालानं पाठवला होता. वापरून झालेला पत्रा, खरं तर भंगार. आज किडनी, हाडं, हृदय, थायरॉइड, सगळ्यांचे फोटो त्यावर निघतात. सहा तासांत निम्मं होतं, म्हणजे काम होईपर्यंत टिकतं आणि काम झालं की फार रेंगाळत नाही. असा पाहुणा विरळाच.

आईला यातलं सगळं कळलं असं नाही, पण धार काढण्याचं मनापासून पटलं. ती निमूट आडवी झाली. टोचण्याआधी बाईंनी भरलेली सिरिंज कॅमेऱ्यापुढे धरली, टोचून झाल्यावर रिकामीही धरली. दूध घालायला येणारा भांडं आधी भरलेलं तोलतो, मग रिकामं, तसं. अंगात नेमकं किती गेलं, तो हिशेब. मी काचेपलीकडून स्क्रीन पाहत होते. आधी नुसते ठिपके, पावसाचे पहिले थेंब धुळीत पडावेत तसे. मिनिटभरात त्यांचे दोन घेवड्याचे दाणे झाले. हा कॅमेरा पाठीमागून पाहतो, त्यामुळे डावी किडनी डावीकडेच दिसते. दाणे ठळक होत गेले, मग फिके, आणि खाली मूत्राशयात उजेड साठत गेला. शेजारी दोन रेघा वर चढत होत्या, एक लाल, एक हिरवी. तीन-चार मिनिटांत शिखर गाठून दोन्ही उताराला लागल्या. त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा नीट कळली नव्हती, आता कळते. हे यंत्र काहीच सोडत नाही. एक्स-रे यंत्रातून निघून माणसाच्या आरपार जातो. इथे यंत्र अंधारात डोळा लावून बसलेलं असतं आणि उजेड येतो तो माणसाच्या आतून. सोनोग्राफीत आईच्या दोन्ही किडन्या जुळ्या बहिणींसारख्या होत्या, लांबी-रुंदी एकसारखी. कोण किती राबते, ते मात्र इथेच कळलं.

डावी ४२, उजवी ५०. मिनिटाला एवढे मिलिलिटर रक्त गाळून काढतात, असा तो आकडा. टक्क्यांत ४६ आणि ५४.

डॉक्टर म्हणाले, "उत्तम. डावी घेऊ." मग त्यांनी नियम सांगितला. दोन्हीत फरक असेल तर चांगली काम करणारी देणाऱ्याकडेच ठेवायची. इथे फरक तसा थोडा, आणि डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोयीची, म्हणून तसंही डावीलाच पसंती. आम्ही सगळे माना डोलावत होतो. आई नाही. तिनं विचारलं, "म्हणजे मी माझ्या भावाला कमी प्रतीची देणार?" डॉक्टर हसले, पण ती गंभीर होती. आमच्या आजीच्या घरची शिस्त अशी होती की शेजारी वाटी पाठवायची तर वरची, तर्रीची, चांगली पाठवायची, तळातलं आपल्याला. नवं धान्य आलं की निवडलेलं आधी लेकीकडे. "नचिकेताच्या बापानं भाकड गाई दान दिल्या," आई डॉक्टरांना म्हणाली, "तसं करायचं का मी? द्यायचीच तर उजवी द्या." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "ताई, भाकड कोणतीच नाही. दोन्ही दुभत्या आहेत. पण तुमच्याकडे एकच उरणार आणि पुढची ३०-४० वर्षं तिनं एकटीनं काढायची आहेत. घेणाऱ्याचं भलं आम्ही बघतोच, पण देणाऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम." आईनं सही केली. पण तिचं समाधान झालं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मामा तिच्या खाटेपाशी येऊन बसला तेव्हा ती त्याला म्हणाली, "बाळ, चांगली देत नाहीत रे हे लोक." मामाला रडू फुटलं. मामीलाही. मला तेव्हा आईचा रागच आला होता. एवढं देते आहेस आणि त्यात हे काय काढून बसलीस, असं.

तर ते शल्य. कोणाला दिली, कधी दिली, पोटात काय उरलं, सगळं पुसलं गेलं आणि ते मात्र आत शिल्लक राहिलं.

आईचं विसरणं आम्ही दोन वर्षं विसरणं मानलंच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. दुधाचं पातेलं गॅसवर करपायचं, बँकेची चावी डाळीच्या डब्यात निघायची, तोच प्रश्न पाच वेळा, आणि मी चिडायचे. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य मी तिला किती वेळा बोलले असेन. एमआरआय केला तर त्यात वयानुसार बदल, विशेष काही नाही. मग तर मी आणखीच धीट झाले, म्हटलं बघ, तुला काहीही झालेलं नाही, नीट लक्ष दे. सोनोग्राफीतल्या जुळ्या बहिणींचा धडा मी इतक्या जवळून पाहिला होता, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही. दिसायला नीट असणं वेगळं आणि काम नीट चालणं वेगळं.

पेट स्कॅनचा निकाल डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवला. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी २० टक्के ऊर्जा खातो. तो इतका भुकेला असतो म्हणूनच हा फोटो निघतो. पेशी ती साखर खरी समजून आत घेतात, पण तिच्यात एका जागी फेरफार केलेला असल्यामुळे ती पुरती पचत नाही, आतच अडकून राहते आणि तिथून उजेड देते. आईच्या मेंदूत कानामागचा आणि वरचा-मागचा पट्टा दोन्ही बाजूंना फिका, निळसर. मध्यावर मागच्या अंगाला आणखी एक जागा तशीच. अल्झायमरची ठेवण, डॉक्टर म्हणाले. पुढचा भाग असा फिका असता तर आजार वेगळा, अगदी मागचा, दृष्टीचा भाग असता तर आणखी वेगळा. मग त्यांनी पेननं एक उजळ पट्टा दाखवला. हातापायांच्या हालचालींचा, स्पर्शाचा भाग. तो लाल-पिवळा, शाबूत. खोलवरचे पेशींचे पुंजके शाबूत. लहान मेंदू शाबूत. मी घरी येऊन आईला कापूस दिला. तिनं पाटावर बसून, तळहाताला किंचित राख लावून, कापसाचा पुंजका ओढत ओढत वाती वळल्या. फुलवाती नाहीत, लांब समईच्या. बोटं एकदाही चुकली नाहीत. कोणासाठी वळतेस, विचारलं तर तिला सांगता आलं नाही.

माझा भाऊ आधी म्हणाला होता, "कशाला करायचा हा स्कॅन? औषध तर तेच देणार." त्याचं अगदी चूक होतं असं मी म्हणणार नाही. खर्च मोठा आहे आणि स्कॅननं आजार मागे फिरत नाही. अल्झायमरमध्ये पेशींबाहेर साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिनही आता पेटवर दिसतं, २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला ते पहिल्यांदा माणसात पाहिलं गेलं. ते कमी करणारी औषधंही निघाली आहेत, पण ती आजाराच्या सुरुवातीला, नीट पारखून द्यायची. आमच्या दाराशी ती आलेली नाहीत. तरीही मी सांगेन, करायला हवा होता, दोन वर्षं आधीच करायला हवा होता. त्या निळ्या पट्ट्यानं आमच्या घरातलं एक वाक्य कायमचं थांबवलं. लक्ष कुठे असतं तुझं, हे त्यानंतर कोणी तिला बोललेलं नाही.

आणि ते "हो"? मी पुन्हा पुन्हा हिशेब करून बघते. ४२ ची किडनी मामाला गेली. मी आईला चांगली दिली म्हणाले, ते खोटं. पण किडनी एकटी पडली की वाढते, जास्त राबायला लागते. देणाऱ्याकडे उरलेली काही महिन्यांत आधीच्या दोघींच्या मिळून कामाच्या साधारण ७० टक्के काम एकटी ओढते. मामाकडे गेलेलीही तशीच कामाला लागली. ऑपरेशनच्या टेबलावरच, रक्त सोडल्यावर काही मिनिटांत, तिच्यातून लघवीची धार लागली होती, हे सर्जननं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मामी जमिनीवरच बसली होती. तिला कमी प्रतीची कशी म्हणायची? आणि दुसरी, डॉक्टरांनी हट्टानं आईकडे ठेवलेली. स्कॅन संपल्यावर त्या टेक्निशियन मुलानं आईला मोठी बाटली भरून पाणी दिलं. जी साखर मेंदूनं घेतली नाही, इतर अवयवांनी घेतली नाही, ती किडनी बाहेर टाकते. खऱ्या साखरेला ती परत आत ओढून घेते, या बनावटीला तशी घेत नाही. तेव्हा पाणी प्यायचं, सारखं जायचं, संध्याकाळपर्यंत नातीला मांडीवर घ्यायचं नाही. त्या दुपारभर आईची उजवी किडनी एकटी ते काम करत होती आणि मी तिला बाथरूमपर्यंत धरून नेत होते. पाचव्या खेपेला ती वैतागून म्हणाली, "काय गं हे सारखं सारखं." मी म्हटलं, "चांगलंय आई, होऊ दे."

या दिवाळीत भाऊबीजेला मामा आला. दारात त्याला बघून आई हसली. ओळखीचं हसली, पण नाव आलं नाही. पाटावर बसवलं, ओवाळताना हात आपसूक फिरला, अक्षता नेमक्या पडल्या. नंतर मामा तिच्याजवळ सरकून बसला. मी त्याला फॉर्मचं सांगितलं होतं. तो काही बोलला नाही, खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. "ताई, परवाच रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.२."

आईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

तिनं हात लांब करून तांब्या त्याच्याकडे सरकवला. "मग पाणी पी."